उंदीर पडले की गाव उठायचं

१९०१ च्या खानेसुमारीत सातारा जिल्ह्यात ११,४६,५५९ माणसं मोजली गेली. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ही संख्या साधारण सहा टक्क्यांनी कमी भरली. एक कारण दुष्काळ, दुसरं प्लेग. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा ऐसपैस होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत, तर सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं त्याला लागून किंवा त्यात मिसळून होती. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे प्लेगच्या गोष्टीत सातारा आणि सांगली यांना वेगळं काढता येत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. साथ भडकली तशी मुंबई रिकामी होऊ लागली. गिरण्यांत राबणारे हजारो हात साताऱ्याकडचे आणि कोकणातले. ते बोचकी बांधून गावी निघाले. पुण्याहून सातारा रोड, कराड, मिरज अशी सदर्न मराठा रेल्वे तोवर सुरू झालेली होती. बोचक्यांबरोबर पिसवा आल्या आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आले. वर्तमानपत्रं या आजाराला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. गावात मात्र तो गाठीचा ताप. काखेत किंवा जांघेत गोळा यायचा, अंग फणफणायचं, आणि निम्म्याहून जास्त रुग्ण आठवड्याच्या आत जायचे. बहुतेकांना गोळा जांघेत यायचा, कारण अनवाणी पायांना पिसू सर्वांत आधी गाठते.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. स्टेशनांवर काखा तपासणं, घरं उघडून सामान बाहेर फेकणं, माणसांना जबरीने छावणीत नेणं सुरू झालं. पुण्यात त्याची परिणती २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचं माहेर नायगाव, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं. मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तिथे पोचवलं आणि त्यांनाच लागण झाली. मिरजेत याच काळातली एक गोष्ट अजून सांगितली जाते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कुटुंबात प्लेग शिरला, खाँसाहेबांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन दुवा मागितली, रोग हटला आणि ते मिरजेशी कायमचे बांधले गेले. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण किराणा घराणं मिरजेत रुजलं, त्याच्या आख्यायिकेतही हा जंतू आहे.

सरकारी धसमुसळेपणापेक्षा गावकऱ्यांचा एक रिवाज मला जास्त शहाणपणाचा वाटतो. घरात मेलेले उंदीर सापडू लागले, म्हणजे ‘उंदीर पडले’, की गाव उठायचं. माळावर, शेतात पाल्याच्या झोपड्या पडायच्या आणि साथ ओसरेपर्यंत संसार तिथेच चालायचा. यामागचं कारण शास्त्राला नंतर कळलं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितलं, की प्लेग पिसवेमार्फत पसरतो. त्याची थट्टा झाली. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते निःसंशय सिद्ध केलं. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि पिसू त्याला सोडते. दोन-तीन दिवसांत भूक तिला माणसाकडे नेते. गाव उठायचं ते नेमकं या दोन-तीन दिवसांच्या फटीत.

आता प्रश्न असा, की हा जंतू इतका जहाल का? यर्सिनिया पेस्टिस हे त्याचं नाव; अलेक्झांडर यर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये तो शोधला. त्याचा जवळचा पूर्वज आजही हयात आहे, यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस. माती, पाणी, जनावरं यांत तो राहतो. दूषित अन्नातून पोटात गेला तर ताप आणि पोटदुखी होते, आणि माणूस बहुधा आपोआप बरा होतो. दोघांची बरीचशी जनुकं जवळपास सारखी आहेत. एकाने पोट दुखतं आणि दुसऱ्याने गाव उठतं. मधला फरक फार थोडा आहे, आणि त्यातला बराचसा विकरांमध्ये आहे.

विकर म्हणजे एन्झाइम. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर पिठूळ पदार्थाचे तुकडे करून साखर बनवतं, म्हणून. विकर हे सहसा प्रथिन असतं. ते एखादी ठरावीक रासायनिक क्रिया प्रचंड वेगाने घडवून आणतं आणि स्वतः खर्च होत नाही. जंतूकडे ना हात ना दात. खाणं, बांधणं, कापणं, विष निकामी करणं ही सगळी कामं तो विकरांकडून करून घेतो. रोगजंतूंबद्दल बोलताना आपण ‘विष’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. प्लेगच्या जंतूची ताकद समजायची असेल तर त्याच्यावर कुठे कुठे जिवावरचा प्रसंग येतो, ते पाहायला हवं. पहिला प्रसंग पिसवेच्या पोटात येतो.

पिसू रक्त पिते आणि ते पचवते. त्या पचनात रक्तद्रवापासून असं काही तयार होतं, की साध्या जंतूचं बाहेरचं आवरण टिकत नाही. तो गोल फुगतो आणि मरतो. प्लेगच्या जंतूकडे मात्र वायएमटी नावाचं विकर आहे. पेशीच्या पटलातली मेदद्रव्यं तोडणाऱ्या फॉस्फोलायपेज-डी या गटातलं हे विकर. त्याला आधी ‘उंदरांचं विष’ असंच नाव होतं, कारण ते शुद्ध करून छोट्या उंदरांना टोचलं की ते मरत. कित्येक वर्षं सर्वांचा समज असा, की माणूस आणि उंदीर मारण्यासाठीच जंतू ते बाळगतो. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या एका प्रयोगशाळेत जोसेफ हिनेबुश आणि सहकाऱ्यांनी हे जनुक काढून टाकून पाहिलं. तसा जंतूही उंदरांना मारत होता. पण पिसवेच्या मधल्या आतड्यात तो तग धरू शकत नव्हता. २००२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्याला हत्यार समजलं गेलं, ते तगून राहण्याचं साधन निघालं. मला हा प्रयोग फार आवडतो. टोचून मारता येतं एवढ्यावरून एखाद्या रेणूचं काम ठरवू नये, हे त्याने दाखवून दिलं.

पिसवेतलं दुसरं काम चिकटून राहण्याचं. जंतू काही विकरांच्या मदतीने साखरेच्या रेणूंचा एक चिकट थर विणतो. पिसवेच्या अन्नमार्गात, जठराच्या तोंडाशी, काटेरी झडप असते. तिथे हा थर साठतो आणि मार्ग बुजतो. आता पिसू चावते, रक्त ओढते, पण ते पोटात उतरत नाही. भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी अडलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत ओकते. हा थर किती विणायचा, ते पेशीतल्या एका छोट्या संदेशरेणूच्या प्रमाणावर ठरतं. काही विकरं तो रेणू बनवतात, काही मोडतात. प्लेगच्या जंतूत मोडणाऱ्यांपैकी दोन विकरांची जनुकं नादुरुस्त आहेत. त्यामुळे संदेश साचत जातो आणि थर जाड होत जातो.

इथे एक गंमत आहे. नवा आणि भयंकर रोगजंतू म्हटलं, की त्याने काहीतरी जास्तीचं कमावलं असणार असं आपण धरून चालतो. या जंतूने कमावलं थोडं आणि गमावलं बरंच. सर्वांत बोलकं उदाहरण युरीएजचं. हे विकर युरियापासून अमोनिया बनवतं. पूर्वजाला ते अतिशय उपयोगी, कारण त्याला अन्नाबरोबर जठरातून जावं लागतं आणि अमोनियाने आम्लाची धार बोथट होते. पण हाच पूर्वज पिसवेच्या पोटात गेला, की युरीएज पिसवेलाच भोवतं आणि बऱ्याच पिसवा मरतात. मेलेली पिसू कोणाला चावणार? प्लेगच्या जंतूत युरीएजसाठी लागणाऱ्या एका जनुकात डीएनएचं एकच अक्षर जास्तीचं घुसलं आहे. तेवढ्याने पुढचं सगळं वाचन चुकतं आणि विकर बनत नाही. ते अक्षर काढलं तर युरीएज पुन्हा चालू होतं, हेही प्रयोगशाळेत करून पाहिलेलं आहे. जठरातल्या आम्लाशी टक्कर देणारं विकर पिसवेत आल्यावर ओझं झालं आणि टाकलं गेलं. जंतूचा पत्ता बदलला आणि विकराची किंमत बदलली.

२०१४ मध्ये हिनेबुश यांच्याच गटाने पूर्वजाच्या जंतूत हे बदल एकेक करून घडवले. चिकट थराला आवर घालणारी तीन जनुकं बंद केली आणि वायएमटीचं जनुक बाहेरून आणून बसवलं. एवढ्या चार बदलांनी पोट बिघडवणारा जंतू पिसवेत टिकून तिचा अन्नमार्ग बुजवू लागला. उत्क्रांतीला यासाठी लाखो वर्षं लागलेली नाहीत. युरोप आणि आशियातल्या कांस्ययुगीन माणसांच्या दातांत प्लेगच्या जंतूचं डीएनए सापडलं आहे. त्यातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या, वायएमटी नाही. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या नमुन्यात ते आहे. प्लेग आधी होताच, पिसू त्याची हुकमी वाहक नंतर झाली.

पिसू चावली की जंतू कातडीखाली पोचतो आणि दुसरा प्रसंग सुरू होतो. परका शिरला की शरीर त्या जागी रक्तातल्या फायब्रिन या तंतूंचं जाळं विणून त्याला अडवतं. पाणी फुटू नये म्हणून शेतकरी बांध घालतो तसं. प्लेगच्या जंतूच्या अंगावर पीएलए नावाचं कापणारं विकर असतं. ते बांध स्वतः फोडत बसत नाही. आपल्याच रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं निद्रिस्त प्रथिन फिरत असतं. जखम भरल्यावर गुठळी विरघळवणं हे त्याचं काम. पीएलए त्याला एका ठरावीक जागी कापतं आणि जागं करतं. मग आपलंच प्लाझ्मिन आपलाच बांध विरघळवून टाकतं आणि जंतू लसिकावाहिन्यांतून जांघेच्या गाठीपर्यंत वाट काढतो.

या विकराचं वजन किती, ते १९९२ च्या एका प्रयोगात कळलं. पीएलए नसलेला जंतू कातडीखाली टोचला, तर छोट्या उंदरांना मारायला सुमारे दहा लाख पट जास्त जंतू लागले. तोच जंतू थेट शिरेत टोचला तर काहीच फरक पडला नाही. रक्तात पोचल्यावर या विकराची गरज उरत नाही. खरी लढाई चाव्यापासून गाठीपर्यंतच्या काही इंचांत होते. पुढे २००७ मध्ये फुप्फुसाच्या प्लेगमध्येही ते लागतं असं दिसलं. आणि २०१५ मध्ये आणखी बारीक गोष्ट पुढे आली. पीएलएच्या साखळीतला एकच अमिनो आम्लाचा मणी बदलल्यावर जंतू कातडीपासून शरीराच्या आत खोलवर पसरू लागला.

पीएलएला एक अडचण होती. पूर्वजाच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं दाट आवरण असतं. त्या साखळ्या असतील तर पीएलएला प्लाझ्मिनोजेनपर्यंत पोचताच येत नाही. प्लेगच्या जंतूत या साखळ्या बनवणाऱ्या विकरांची काही जनुकं मोडलेली आहेत. साखळ्या गेल्या, पीएलए उघडं पडलं. पुन्हा एकदा गमावण्यातून कमाई.

तिसरा प्रसंग शरीरातल्या भक्षक पेशींशी गाठ पडण्याचा. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात आणि आत कोंडून त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या दाहक पदार्थांचा मारा करतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो, तो आपल्या रक्तातल्या कॅटॅलेज या विकरामुळे. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जंतूंकडेही कॅटॅलेज असतं आणि त्याच्या जोडीला सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. ही दोन्ही विकरं आपल्या घराशेजारच्या मातीतल्या निरुपद्रवी जंतूंतही सापडतात, कारण हवेत जगणाऱ्या प्रत्येकाला ऑक्सिजनचा जाच सोसावा लागतो. म्हणून एखाद्या जंतूत कॅटॅलेज आढळलं, एवढ्यावरून तो घातक ठरत नाही. मात्र घातक जंतूकडून ते काढून घेतलं, तर तो भक्षक पेशीत टिकणं अवघड होतं.

भक्षक पेशीची आणखी एक युक्ती इटाकोनिक आम्लाची. जंतूला उपासमारीत साध्या मेदावर गुजराण करू देणारं एक विकर हे आम्ल बंद पाडतं. पेशी जणू त्याचा शिधा तोडते. प्लेगच्या जंतूकडे यावर तीन विकरांची एक साखळी आहे. ती इटाकोनिक आम्लाचे तुकडे करते आणि त्यातून आपल्या उपयोगाचे पदार्थ मिळवते. विष म्हणून दिलेलं पचवून टाकते!

या साऱ्यात तापमानाचं गणित आहे. पिसवेचं अंग बाहेरच्या हवेइतकंच उबदार. माणसाचं ३७ अंश. हा फरक जंतूला कळतो आणि ३७ अंशांवर तो विकरांचा वेगळा संच बाहेर काढतो. एका सूक्ष्म सुईवाटे तो काही प्रथिनं थेट भक्षक पेशीत सोडतो. त्यातलं योप-एच हे विकर पेशीच्या प्रथिनांवरचे फॉस्फेटचे गट झपाट्याने काढून टाकतं. गिळण्याचा हुकूम या फॉस्फेटांवरूनच पुढे जातो. ते गेले की पेशी जागच्या जागी लुळी पडते. त्याच तापमानाला जंतूच्या आवरणातल्या मेदालाही वेगळं रूप येतं. एरवी त्या मेदाला सहा शेपट्या असतात आणि शरीर त्यावरूनच परका ओळखतं. उरलेल्या शेपट्या ३७ अंशांवर जोडायला लागणारं विकर प्लेगच्या जंतूकडे उरलेलं नाही, म्हणून चारच शेपट्या राहतात आणि ओळख पटायला उशीर होतो. संशोधकांनी ई. कोलाय या जंतूचं तसलं विकर प्लेगच्या जंतूत बसवून पाहिलं, तर तो उंदरांना मारू शकेना. एक विकर दिल्याने जंतू दुबळा झाला, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी अशी आहे.

दख्खनेत उन्हाळा तापला की साथ ओसरायची आणि पावसाळ्यानंतर पुन्हा डोकं वर काढायची. यामागेही तापमानच. हवा फार तापली की बुजलेली पिसू लवकर मरते आणि तो चिकट थरही नीट धरत नाही. माळावर राहणाऱ्यांना हा जमाखर्च ठाऊक नसेल, पण झोपडी कधी मोडायची ते त्यांना उमगलेलं होतं.

ज्या जंतूने सातारा-सांगलीकडे ही गावं उठवली, त्याची कुळी तिसऱ्या जागतिक साथीची. हाँगकाँगहून जहाजांतून मुंबईत उतरलेली. या कुळीची ओळख पटवायची एक जुनी खूण आहे. तिला ग्लिसरीन वापरता येत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या एका विकराच्या जनुकातून डीएनएची ९३ अक्षरं गळून पडली आहेत. रोगाच्या तीव्रतेशी या गळतीचा संबंध दिसत नाही. प्रत्येक गमावण्यात फायदा शोधू नये, हे सांगायला हे उदाहरण बरं. काही गोष्टी नुसत्या हरवतात.

उपायांकडे वळायचं तर व्लादिमीर हाफकिन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसाच्या रश्शात जंतू वाढवले. रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू त्यांना लोंबून खाली वाढत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग तो रस्सा तापवून जंतू मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी लस स्वतःला टोचून घेतली. आज परळमध्ये त्यांच्याच नावाची संस्था आहे. लस काही अंशी उपयोगी पडली, पण आजारी पडलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता.

त्याच संस्थेत साहिबसिंग सोखी आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या आसपास सल्फा औषधं प्लेगवर वापरून पाहिली आणि अनेक रुग्ण वाचू लागले. सल्फा हे औषध सरळ विकरावरच जातं. जंतू स्वतःचं फॉलिक आम्ल स्वतः तयार करतो. त्यासाठी एक विकर कच्चा माल म्हणून एक छोटा रेणू उचलतं. सल्फाचा रेणू दिसायला त्याच्यासारखाच. विकर तो उचलतं आणि काम तिथेच ठप्प होतं. आपल्याला फॉलिक आम्ल पालेभाजी आणि डाळींतून मिळतं, ते विकर आपल्यात नाहीच, म्हणून औषध जंतूला बाधतं आणि आपल्याला सोडतं. स्ट्रेप्टोमायसिन आणि डीडीटी पाठोपाठ आले, आणि १९६६ नंतर १९९४ पर्यंत भारतात माणसांत प्लेग नोंदला गेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातलं मामला गाव आणि पाठोपाठ सुरत यांनी आठवण करून दिली की जंतू संपलेला नव्हता. सुरतेत पन्नासच्या आसपास माणसं दगावली आणि लाखो शहर सोडून पळाले. औषध आता मेडिकलच्या दुकानातही मिळत होतं. पण पळण्याची सवय जुनीच होती.

उरतो उंदीर. त्याच्याकडे इतिहासकारांचं दुर्लक्ष होतं. सोखी आणि चित्रे यांनी १९३७ मध्ये भारतातल्या वेगवेगळ्या गावांचे उंदीर गोळा करून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. जिथे प्लेगने दशकानुदशकं मुक्काम ठोकला होता, तिथले उंदीर बरेच चिवट निघाले. जिथे तो फारसा पोचला नव्हता, तिथले पटापट मेले. दुबळे उंदीर आधीच्या साथींनी निवडून नेले होते. तगलेल्यांची पिल्लं तगणारी. उंदीरच पडेनात, तर पिसू त्यांना सोडून माणसाकडे कशाला येईल?

आणि जंतूही बदलत होता. मे २०२५ मध्ये कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ आणि पॅरिसची पाश्चर संस्था यांच्या संशोधकांनी तिन्ही जागतिक साथींतले जंतू तपासले. सहाव्या शतकात सुरू झालेली पहिली साथ, चौदाव्या शतकातली दुसरी आणि आपली तिसरी. पीएलएचं जनुक मुख्य गुणसूत्रावर नसून एका सुट्या, छोट्या वर्तुळाकार डीएनएवर असतं आणि एका पेशीत त्याच्या बऱ्याच प्रती असतात. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही साथी सुरू होऊन सुमारे शंभर वर्षं उलटल्यावरच्या जंतूंत या जनुकाच्या प्रती घटलेल्या आढळल्या. तिसऱ्या साथीच्या कुळीत असे तीन नमुने सापडले, व्हिएतनाममधले. अशा जंतूंनी टोचलेले छोटे उंदीर जास्त दिवस जगले आणि त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण १० ते २० टक्क्यांनी घटलं. संशोधकांचा तर्क असा, की साथीने उंदीर विरळ झाल्यावर यजमानाला झटपट मारणारा जंतू त्याच्याबरोबरच संपतो, आणि सावकाश मारणाऱ्याला पुढच्या उंदरापर्यंत पोचायला अवधी मिळतो. मला हा तर्क पटतो, पण तो सगळ्याला लागू नाही. प्रती घटल्याचा परिणाम दिसला तो फक्त गाठीच्या प्लेगमध्ये. जंतू रक्तात सोडला किंवा फुप्फुसात, तेव्हा जुना आणि नवा दोघेही सारखेच घातक ठरले.